कुट्टीचं झाकण

"मावशी, पदर बाजूला घ्या. हात दिसला पाहिजे सगळ्यांना."

माइकवाल्या पोरानं हे लई गोड आवाजात सांगितलं. समोर कॉलेजचा हॉल गच्च भरलेला. पंखे गरगर फिरत होते. पुढं सोफे, सोफ्यावर पांढऱ्या कपड्यातली माणसं, त्यांच्यापुढं पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या. चारा छावणीत टँकरची वाट बघून आमचे घसे कोरडे पडायचे, आन इथं बाटल्या उघडून दोन घोट पिऊन ठेवून दिलेल्या. माझं ध्यान त्या बाटल्यांकडंच होतं.

दोन साल झाले, माझा डावा हात मी पदराखाली ठेवते. कोपराखाली वीतभर उरलाय. नवऱ्यानं बी तो नीट बघितलेला न्हाई, मी बघू दिला न्हाई. मी हलंना म्हणून त्या पोरानं दोन बोटांनी माझा पदर उचलला आन खांद्यावरून मागं टाकला. माझ्या लेकरासारखं पोरगं. सगळ्या हॉलमधून एकदम चुकचुक ऐकू आली.

बाजारात दात बघायला बैल उभा करतात, तशी मी उभी होते.

मग चेअरमनसाहेब सोफ्यावरनं उठून वर आले. कॉलेज त्यांच्याच संस्थेचं. दूधसंघ त्यांचा, सोसायटी त्यांची, चारा छावणी बी त्याच सोसायटीची. आमच्या भागात सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून त्यांचं काम करायचं. त्यांनी माझ्या थोट्या हाताकडं बघितलं. तोंडाकडं न्हाई. माइक हातात घेऊन विचारलं,

"कशात गेला, बाई, हात?"

मला वाटलं हा माणूस माझी चेष्टा करतोय. पण न्हाई. त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याच्याच छावणीत, त्याच्याच मशीनीत गेलेला हात, आन दुसऱ्या दिवशी गाडीतून येऊन हाच माणूस माझ्या दावणीपाशी उभा राहून गेला होता, असं लोकांनी मला नंतर सांगितलं होतं. आता हाच मला इचारतोय.

"कुट्टीत, साहेब," मी म्हणले.

"अरेरे. बायकांनी सांभाळून काम करावं. मशीनला कुठं डोळे असतात?"

लोकांनी माना हलवल्या. दोन सालामागं दावणीपाशी उभा राहून बी तो हेच बोलला होता. अक्षर न् अक्षर हेच. शेजारणीनं दवाखान्यात येऊन मला सांगितलं होतं. तो विसरला, मला पाठ हाय.

आता मागचं सांगते, म्हणजे तुमाला कळेल.

आमचं गाव पाटोद्याच्या अलीकडं, डोंगरात. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला निघून जातं. लग्न होऊन आले तवापासून मी बी जात होते. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हात गेला आन माझा नवरा अर्धा कोयता झाला. मुकादम माझ्या तोंडावर म्हणला, "हिला कशात मोजायची?" तवापासून नवरा एकटा जातो. मी घरी, गुरांपाशी. चार जनावरं आन माझी पोरगी शीतल. आठवीत शिकते ती.

हात गेला त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. मी होळीला तोडीवरनं परत आले, तर गावात चाऱ्याची काडी न्हाई. सोसायटीनं माळावर छावणी उभी केली. तिथं गुरं न्यायची, दावणीला बांधायची, आन आपण बी पाल ठोकून तिथंच राहायचं. माजलगावकडून उसाचे ट्रक यायचे. आख्खा ऊस गुरांना घालता येत न्हाई, म्हणून मोटारीवरची कुट्टी ठेवलेली. तिच्या तोंडात ऊस सारायचा. आत दोन रूळ असतात, ते ऊस ओढून घेतात, पुढं पातं त्याचे तुकडे करतं. आन तोंडावर असतं एक पत्र्याचं झाकण. त्यानं हात रुळापर्यंत पोचत न्हाई. पण मग ऊस बी दोन-दोन, तीन-तीनच जातो.

लाईन लांब. लोकं कलकल करायला लागली. सुपरवायझरनं फोन लावला तर चेअरमनसाहेब स्वतःच आले. त्यांनी लाईन बघितली आन म्हणले, "झाकण काढा बे ते. लाईन सरकली पाहिजे."

चार बोल्ट निघाले. लाईन सरकली. मी बी खूश झाले, खोटं कावून सांगू. माझी गुरं सकाळपासून हंबरत होती.

तिसऱ्या दिवशी उसाचं वाढं, शेंड्याचा लांब पाला, माझ्या बांगड्यात गुतलं. रुळानं वाढं ओढलं, वाढ्यासंगं बांगड्या, बांगड्यासंगं मी. लोकांना वाटतं लई वेळ लागत असेल. इतकुसा बी लागत न्हाई. मोटार बंद झाली तवा माझी शीतल, तवा अकरा वर्षांची, पाण्याची कळशी घेऊन तिथं उभी होती. तिनं कळशी खाली ठेवली न्हाई. तशीच धरून उभी राहिली, कितीतरी वेळ.

बीडच्या दवाखान्यातून परत आले तर सुपरवायझर कागद घेऊन आला. कागदावर लिहिलेलं, 'माझ्या स्वतःच्या चुकीमुळे.' सही करा म्हणला, न्हाईतर गुरं छावणीतून सोडावी लागतील. दुष्काळात तेरावा महिना. उजवा हात शाबूत होता. केली सही.

पुढं काय, जगायचंच असतं. एका हातानं भाकरी थापता येते. निऱ्या काढता येतात, दातात पदर धरून. वेणी घालता येत न्हाई, ती शीतल घालते. कासारीण गावात आली, मी हात पुढं केला, तिनं सवयीनं म्हणलं, "दुसरा आना." मग तिचं तिलाच कळलं. तिनं बांगड्यांचं टोपलं झाकलं आन पाणी मागितलं. मी तिला पाणी दिलं.

औंदा परत तसंच. नवरा अजून तोडीवरच. परत छावणी, तोच माळ, तीच कुट्टी. आन झाकण? ते बी होतं. सुपरवायझरच्या पालामागं, चहाच्या चुलीला वारं लागू नये म्हणून आडवं लावलेलं. धुरानं काळंठिक्कर पडलं होतं. येता-जाता मला दिसायचं. चारदा मी सुपरवायझरला म्हणले, "भाऊ, ते बसवा की परत." त्याचं एकच उत्तर. "वरून आर्डर न्हाई."

एका हातानं कुट्टीवर ऊस घालता येत न्हाई. एका हातानं मोळी आवळून धरावी लागते, दुसऱ्यानं सारावी लागते. म्हणून शीतल. शाळेतून आली की दप्तर पालात टाकायची आन लाईनीत जायची. तेच तोंड. तेच रूळ. मी तिच्या बांगड्या काढून ठेवल्या. बाह्या कोपराच्या वर गुंडाळायला लावल्या. केसाचा अंबाडा घट्ट. आन तिच्या बाजूला जाऊन उभी राहायची. उभी राहून मी काय करणार होते, एका हाताची? पण राहायची. ती ऊस सारायची आन माझा नसलेला हात ठणकायचा. डॉक्टर म्हणतात, असं होतं. होतं तर होतं.

मला जिंदगीत दुसरं काही नको होतं. पोरगी त्या मशीनपासून लांब, एवढंच पायजे होतं.

तवा ही पोरं आली. कॉलेजची, इंजिनीरिंगची. पाच-सहा जण आन एक सर. हात-पाय नसलेल्यांसाठी काहीतरी बनवायचं, त्याची स्पर्धा होती. ते अपंग म्हणत न्हाईत, दिव्यांग म्हणतात. म्हणा बापहो. त्यांच्यात वैष्णवी नावाची एक पोरगी होती, आमच्याच बाजूची, बोलण्यावरनं कळत होतं. पण सरांसमोर तोंड बंद. फॉर्म ती भरत होती.

"डाव्या हातानं कोयता धरता येतो का?"

"न्हाई."

तिनं खूण केली. पुढचा सवाल. मी सांगणार होते, की बाई, मला डाव्या हातानं कोयता कवाच धरायचा नव्हता. पण फॉर्मवर तेवढंच होतं. हो का न्हाई.

मी सरांना म्हणले, "सर, माझ्या हाताचं मागून बघा. आधी त्या मशीनला झाकण बसवा. ते बघा तिकडं चुलीपाशी पडलंय."

सर हसले. चांगला माणूस होता, रागानं न्हाई हसला. म्हणले, "ताई, तो आपला विषय नाही. आपला विषय दिव्यांग आहे. आणि झाकणात नवीन काय आहे? स्पर्धेत नवीन पाहिजे."

मग त्यांनी माझ्या हाताला टेप लावला, ओलं प्लास्टर लावलं, ते वाळेपर्यंत मला उन्हात खुर्चीवर बसवलं. फोटो काढले. छावणीतली पोरं गोळा झाली. मी बसले. म्हणले, बसू या. हात तर मिळतोय. धरणारा हात मिळाला की मीच ऊस सारीन. पोरगी शाळेतून येईल, पालात बसून अभ्यास करील. ह्या एका आशेवर मी त्या खुर्चीवर बसले होते, आन ह्याच आशेवर पुढं स्टेजवर चढले.

स्टेजवर त्यांनी लाल कापड काढलं. खाली हात. गोरापान, नखं सुद्धा गुलाबी. माझ्या रापलेल्या कोपराला तो लावला तर सगळ्या हॉलला दिसत होतं की हा ह्या बाईचा न्हाई. दोन पोरांनी पट्टे आवळले, चेअरमननी नुसतं बोट लावलं, फोटोपुरतं. आन त्या हाताच्या मुठीत, स्क्रूनं आवळून बसवलेला, नवाकोरा कोयता.

"ऊसतोड भगिनीच्या हातात पुन्हा एकदा कोयता!" माइकवाला ओरडला. "वर करा मावशी! अजून वर!"

मी वर केला. टाळ्या पडल्या. बराच वेळ पडल्या.

ज्यानं एक दिवस जरी फडात काढलाय त्याला कळेल काय झालं ते. ऊस तोडताना कोयता उजव्या हातात असतो. डाव्या हातानं ऊस धरायचा, उजव्यानं बुडावर घाव घालायचा. माझा उजवा हात कुठं गेलाय? माझा कोयता कुठं गेलाय? गेला तो धरणारा हात. ह्या पोरांनी मला दुसरा कोयता दिला. दोन कोयते, आन ऊस धरायला कुणी न्हाई. ती मूठ उघडत बी नव्हती. तिच्यात उसाचं कांडकं बसलं नसतं, मोळी तर लांबच. महिनाभर ती पोरं कामाला लागली होती, त्यांच्यातल्या एकाला बी फडावर जाऊन बघावं वाटलं न्हाई. आन मी? कोयता वर धरून हसत होते, कारण हसा म्हणून सांगितलं होतं.

पाठीमागच्या खोलीत मला चहा-समोसा दिला. शाल दिली, उन्हाळ्याच्या दिवसात. नारळ दिला. एका हाताच्या बाईनं तो फोडायचा कसा, ते कुणाला सुचलं न्हाई. मग तोच पोरगा खोका घेऊन आला.

"मावशी, हात द्या."

"कावून?"

"मॉडेल आहे ना. पुढच्या फेरीला लागेल."

त्यानं पट्टे सोडले. हात निघाला, खाली लाल वळ उमटलेले. हात खोक्यात गेला. वैष्णवी तिथंच उभी होती, तिनं माझा पदर उचलून माझ्या थोट्या हातावर घातला. एस.टी.त खिडकीपाशी बसले आन वाटभर एकच मनात, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

छावणीत आले तर शीतल वाट बघत होती. "आई, हात कुठाय?"

"परत घेतला."

तिनं माझ्याकडं बघितलं, शालीकडं बघितलं. म्हणली, "मग मी जाते लाईनीत."

मला रडू आलं न्हाई. रडायची बी ताकद लागते. बेजार झाले होते मी, आतून बाहेरून. पोरगी दप्तर टाकून चालली होती आन मी नारळ मांडीवर घेऊन बसले होते.

दोन दिवसांनी ते झालं.

मी शीतलच्या बांगड्या काढल्या होत्या, बाह्या गुंडाळायला लावल्या होत्या, अंबाडा बांधायला लावला होता. आन त्याच हातानं, दातानं गाठ आवळून, तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला होता. नजर लागू नये म्हणून, मशीनीपासून जपावं म्हणून. वाढं त्या दोऱ्यात गुतलं. मला दिसलं. मी तिला कमरेतनं धरून मागं ओढलं, एका हातानं, सगळ्या अंगाचा भार टाकून. दोघी मागं पडलो. दोरा तुटला. कच्चा होता म्हणून तुटला. जरा चांगला दोरा घेतला असता तर?

शीतल उठून बसली. मनगट लाल झालेलं, बोटं सगळी जागेवर. मी पाचच्या पाच मोजली. मागून लाईनीतला एक जण ओरडला, "ओ बाई, उठा की. पुढं सरका."

मी त्याच्याकडं बघितलं. दोन सालामागं मी बी तशीच लाईनीत होते. मला बी लाईन सरकायला पायजे होती.

त्या दिवशी मी पोरीला तिथनं काढलं ते काढलं. ऊस पालापाशी आणला, पायाखाली दाबून धरला आन उजव्या हातानं कोयत्यानं तोडत बसले. चार जनावरांचा चारा. दिवस मावळला तरी संपंना. दुसऱ्या दिवशी परत. कंबर मोडून गेली. पण हे काम मला येत होतं, आन ह्याच्यासाठी कुणाचा गुलाबी नखांचा हात लागत नव्हता. तोडता तोडता मी एकच विचारायची स्वतःला. मला हात पायजे होता का झाकण पायजे होतं? झाकण पायजे होतं. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी. मग स्टेजवर कशाला चढले?

आठवडा झाला आन सर पोरांना घेऊन परत आले. खोकं संगं. पुढच्या फेरीला व्हिडिओ पायजे होता, हात वापरताना.

सर म्हणले, "ताई, तुम्ही मशीनवर ऊस घालताना दाखवू. चांगलं दिसेल."

त्यांनी पट्टे आवळले. कोयता आता काढलेला होता, मूठ तशीच बंद. माइकवाल्यानं मोबाइल धरला. "मावशी, थोडं हसा." मोटार चालू होती. लाईनीतले सगळे बघत होते. मी कुट्टीपाशी गेले, तोंडापाशी उभी राहिले. रूळ फिरत होते.

"मोटार बंद कर," मी मोटारीवरच्या गड्याला म्हणले.

त्यानं सुपरवायझरकडं बघितलं.

"माझ्याकडं बघ. बंद कर."

त्यानं बंद केली. कावून केली, कुणाला मालूम. माझा आवाज तसा निघाला असेल. मी वैष्णवीला म्हणले, "सोड हे पट्टे." तिनं सोडले. मी तो हात काखेत धरला, उसाच्या मोळीची तार पडली होती ती उचलली, एक टोक दातात धरलं आन तो गोरा हात कुट्टीच्या तोंडाच्या वरच्या कडेला आडवा बांधून टाकला. तारेला तीन पिळे दिले.

"मावशी! मॉडेल आहे ते!" पोरगा पळत आला.

"असू दे. माझा बी ह्या मशीननं परत दिला न्हाई."

सर पुढं झाले. "ताई, हे बरोबर नाही. आम्ही तुमच्यासाठीच..."

"सर, तुमचा विषय दिव्यांग हाय ना? मग हितं बघा. हितं तयार होतेत."

मी चुलीपाशी गेले, झाकण ओढलं. चहाचं पातेलं लवंडलं. सुपरवायझर ओरडला, "ए बाई, डोकं फिरलं का?" मी झाकण कमरेवर घेतलं, साडी काळी झाली, आणून वैष्णवीपुढं टाकलं.

"बोल्ट बसवता येतात का तुला? इंजिनेर होणार ना?"

तिनं सरांकडं बघितलं. सर मोबाइलमधी बघत होते. मग तिनं सॅक खाली ठेवली आन पाना काढला. मोटारीवरच्या गड्यानं डब्यातून बोल्ट शोधून दिले. भोकं गंजलेली होती, तिनं ती पान्याच्या टोकानं खरवडली. मी उजव्या हातानं झाकण दाबून धरलं, तिनं आवळलं. चार बोल्ट. चहा व्हायला लागतो तेवढा वेळ लागला. दोन साल त्या चहासाठी झाकण जळत होतं.

लाईनीतून टाळ्या पडल्या असतील असं तुमाला वाटत असेल. न्हाई पडल्या. आमच्याच गावची बाई, माझ्या शेजारची, दवाखान्यात मला भाकरी घेऊन आलेली, तीच म्हणली, "हिचा हात गेला म्हणून आमची गुरं उपाशी मारती का ही?" ते मला लागलं. सुपरवायझरच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तिचं बी खोटं नव्हतं. तिची गुरं हंबरत होती.

सुपरवायझरनं फोन लावला आन माझ्या कानाला लावला.

"कुणाला विचारून झाकण बसवलं, बाई?" चेअरमनचा आवाज.

"काढताना कुणाला विचारलं होतं, साहेब?"

मग म्हणले, "कोण बोलतंय?"

"जिच्या हाताला परवा तुमी बोट लावलं, ती. तुमच्याकडं माझ्या सहीचा कागद हाय. माझ्या चुकीमुळं म्हणून. तो खोटा हाय. झाकण तुमी काढायला लावलं, मी लाईनीत होते, माझ्या कानानं ऐकलं. आता हे मी सगळ्यांम्होरं बोलतेय, फोनवर बी आन हितं बी."

"उद्या तुझी जनावरं बाहेर काढीन."

"काढा. पण कागदावर लिहून द्या. झाकण बसवलं म्हणून काढली, असं लिहा. आता सही तुमची."

फोन बंद झाला. मी तिथंच मोळीवर बसले. शीतल पाणी घेऊन आली. ह्या वेळी तिनं कळशी खाली ठेवली.

जनावरं अजून काढलेली न्हाईत. कागद बी कुणी लिहून दिला न्हाई. चाऱ्याच्या वेळी माझं नाव शेवटाला घेतात. स्पर्धेसाठी त्या पोरांनी दुसऱ्या गावची दुसरी बाई धरली, असं ऐकलं. तिला काय लावलं, कोयता का आणखी काय, मालूम न्हाई. वैष्णवी परत आली न्हाई. तिला कॉलेजात काय ऐकावं लागलं असेल ते मला इथं बसून बी ऐकू येतं.

झाकण बसलंय, तवापासून लाईन सावकाश चालते. लोकं मला ऐकू जाईल असं बोलतात. बोलू द्या. त्या शेजारणीची सून हाय, सहा महिन्यांची गरोदर. तीच रोज ऊस सारते. कालच तिचा हात झाकणाला लागून थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं आन परत सारायला लागली.

शीतल आता मशीनवर जात न्हाई. झाकण असलं तरी न्हाई. आमच्या चार जनावरांचा ऊस मी पायाखाली दाबून तोडते. दमते. लई दमते. रात्री कूस बदलता येत न्हाई.

तो गोरा हात अजून तिथंच बांधलेला हाय. उन्हानं त्याचा रंग उडालाय, नखं पिवळी पडलीत. कॉलेजची माणसं दोनदा न्यायला आली. मी म्हणले, साहेबांना पाठवा, त्यांनी स्वतः सोडावा.

आन पाना माझ्याकडं हाय. वैष्णवीनं जाताना माझ्या हातात ठेवला होता. सुपरवायझर मागायला आला होता, आधी गोडीनं, मग शिव्या देऊन. दुसरा पाना कुठं मिळत न्हाई असं न्हाई. मिळतो. पण झाकणाला हात लावायचा तर माझ्याम्होरं लावावा लागतो. लाईन लागायच्या आधी मी येऊन कुट्टीपाशी बसते. चारी बोल्ट उजव्या हातानं चाचपून बघते. घट्ट असले की मगच मोटार चालू करू देते.

पाऊस येईल, न येईल. ही छावणी उठेल, दुसऱ्या साली दुसऱ्या माळावर पडेल. ही कुट्टी जिथं जाईल तिथं मी जाऊन बसीन. कंबरेला पाना बांधलेला हाय. ज्याला झाकण काढायचंय त्यानं माझ्याकडं यावं.

मी देणार न्हाई.